अर्ध्या हळकुंडाचा चहा

चहा करणे हे काही शिकवावे लागणारे काम नव्हे, असा आपणा सर्व बायकांचा समज असतो. मुलगी परकरात असल्यापासून चुलीशी बसते, फुंकणीने जाळ करते, आधण ठेवते. लग्न जमवताना भाकरी येते का, पुरण येते का, असे विचारतात. चहा येतो का, असे कुणी विचारीत नाही. मलाही कुणी विचारले नव्हते. विचारले असते तर मी मान वर करून 'येतो' म्हणाले असते, आणि पुढे तोंडघशी पडले असते. कारण सासरी आल्यावर ज्या एका चहावर घरादाराचे काम अडले होते, नेमका तोच चहा मी बिघडवला. वाचक भगिनींनो, ती हकिगत आज सांगते. आता सांगायला लाज वाटत नाही. नातवंडांना तर ती इतक्या वेळा सांगून झाली आहे की, मी कुठे चुकले तर तीच मला दुरुस्त करतात.

माझे माहेर सेनगावकडचे. कोरडवाहू रान. ज्वारी, कापूस, तूर, एवढीच आमची पिके. विहिरीला पाणी असलेच तर प्यायच्या पाण्यापुरते आणि मिरची-वांग्याच्या चार वाफ्यांपुरते. लग्न होऊन मी वसमत तालुक्यात आले ते १९८० च्या उन्हाळ्यात. हिंगोली जिल्हा तेव्हा झाला नव्हता. तो १ मे १९९९ ला झाला. त्याआधी आम्ही सगळे परभणी जिल्ह्यातले. पण जिल्हा एक असला तरी रान एक नव्हते. सासरी विहीर होती, विहिरीवर मोटर होती, आणि मळ्यात मी जन्मात न पाहिलेले एक पीक होते, हळद.

हसू नका. हळद मी पाहिली होती, पण ती डब्यातली. बाजारातून वाळलेली हळकुंडे आणायची आणि कुटायची, एवढीच माझी तिची ओळख. अंगाला लागली तीही कुटलेलीच. हळद जमिनीतून निघते तेव्हा ती ओली, मातीने माखलेली, बोटाबोटांची असते, हे मला सासरच्या पहिल्या काढणीला कळले. हातभर लांब पानांचे ते पीक अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावतात, आणि आठ-नऊ महिने जमिनीत ठेवून माघ-फाल्गुनात काढतात. तेवढ्यानेही काम संपत नाही. गड्डे वेगळे करा, हळकुंडे वेगळी करा. मग मोठ्या कढईत ती शिजवा. काडी टोचली की सहज आत गेली पाहिजे. मग दहा-पंधरा दिवस उन्हात घाला, वाळली की घासून चकाकी आणा. पाच मण ओली हळद काढावी तेव्हा कुठे मणभर वाळलेली हाती येते.

१९८१ ची महाशिवरात्र होऊन दोन दिवस झाले होते. आमची कढई मळ्यात तीन दिवसांपासून पेटलेली होती. घरातले सगळे हात पिवळे. नखे पिवळी, पदर पिवळा, भाकरीच्या कडेला बोटांचे पिवळे ठसे. आणि वास तर असा भरून राहिला होता की नाकाला दुसरा वासच कळेना. पुढे जे झाले त्यात या वासाचा मोठा हात आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता घरातली दुसरी गोष्ट. आमच्या भिंतीला लागून मामंजींच्या थोरल्या भावाचे घर. दोन घरांत एकच भिंत, आणि मळ्यात दोघांची एकच विहीर. पण बोलणे नव्हते. एक-दोन दिवस नव्हे, नऊ वर्षे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवले होते, "त्या घरी जायचं न्हाई, तिथलं काही आणायचं न्हाई, अन् का म्हणून इचारायचंबी न्हाई." मी विचारले नाही. पण बायकांना न विचारताही सगळे कळते. पाणवठ्यावर एकीने सांगितले, निंदणीला दुसरीने पुरे केले.

भांडण १९७२ च्या दुष्काळातले. त्या सालाबद्दल मराठवाड्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. खडी फोडायची कामे, सुकडी, लाल मिलो ज्वारी, आणि आटलेल्या विहिरी. आमच्या सामाईक विहिरीत रात्रभर झिरपून तळाशी जे काय चार घागरी साठेल, ते एक दिवस थोरल्यांनी घ्यायचे, एक दिवस धाकट्यांनी, अशी पाळी ठरली होती. एका सकाळी थोरल्या मामंजींची पाळी होती, आणि ते विहिरीवर गेले तर तळ कोरडा. त्यांनी विचारले, "रात्री पाणी कुणी घेतलं?" आमचे मामंजी रागाने म्हणाले, "विहिरीवर काय तुझ्या एकट्याचं नाव हाय?" बस. एवढ्यावर दोन घरांतली ये-जा तुटली. दुष्काळ सरला, पाऊस आला, विहीर भरली, मोटेच्या जागी मोटर आली, पण बोलणे काही परत आले नाही. पाळ्या ठरलेल्या होत्या, त्या मुक्याने चालत.

१९८१ मध्ये मात्र मुक्याने चालेना. हळद हे पाण्याचे पीक. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी तळाला जाई आणि लागवड अडून राही. विहीर खोल करायची तर कर्ज हवे, आणि सामाईक विहिरीवर कर्ज हवे तर दोन्ही हिस्सेदारांची सही हवी. मामंजी तोंड उघडीनात, थोरले मामंजी दार उघडीनात. शेवटी गावातल्या शाळेचे गुरुजी मध्ये पडले. त्यांनी थोरल्या मामंजींना काय सांगितले ते देव जाणे. पण औंढ्याला नागनाथाचे दर्शन घेऊन थोरले मामंजी परतले, आणि तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला गुरुजी आमच्या घरात शिरून म्हणाले, "चहा टाका. ते येत आहेत."

घरात एकच धांदल उडाली. आपल्याकडे चहा म्हणजे नुसते पेय नसते, हे मी तुम्हाला काय सांगू! ज्याच्याशी वैर, त्याच्या घरचे पाणी घेत नाहीत. पाणी घेतले, चहा घेतला, की समजावे निम्मे वैर मिटले. कप पुढे केला आणि पाहुण्याने 'नको, आत्ताच झाला' म्हटले, की समजावे सही गेली, विहीर गेली, पुढची नऊ वर्षेही गेली.

आणि घरात साखर नाही! साखर तेव्हा रेशनवर मोजून मिळायची. कढईवरच्या माणसांना तीन दिवस चहा पाजून डबा खडखडीत झाला होता. एरवी बाई काय करते? वाटी घेऊन शेजारी जाते. पण शेजारचे घर म्हणजे तेच घर! पाहुण्याला चहा पाजायला पाहुण्याच्याच घरून साखर कशी मागायची? सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "गुळाचाच कर. पर ध्यान ठेव, गुळाच्या आधणात दूध उकळू दिलंस तर समदा च्या फाटंल. गूळ इरघळू दे, भगुणं खाली घे, जरा दम खाऊ दे, अन् मग येगळं तापवलेलं दूध घाल. अन् अद्रक ठेचून टाक. रांजणापाशी मडक्यात पुरलंय." आल्याला आमच्या भागात अद्रक म्हणतात.

इतके सांगून त्या ओसरीवर सतरंजी घालायला गेल्या, आणि मी चुलीपुढे एकटी राहिले.

गावात वीज होती, पण त्या संध्याकाळी दिवे गेलेले. माजघरात एक चिमणी मिणमिणत होती. मी रांजणापाशी गेले, मडक्यातल्या ओल्या मातीत हात घातला, आणि हाताला लागले ते बोटभर कांड काढले. माती झटकली. अर्धे मोडले. साल खरवडायला वेळ कुठला! खलबत्त्यात घातले, दोन ठोके दिले आणि आधणात टाकले. सगळे लक्ष त्या गुळाकडे. चहा फाटू नये, चहा फाटू नये, एवढाच जप. गूळ विरघळू दिला. भगुणे खाली घेतले. दम खाऊ दिला. तापवलेले दूध हलक्या हाताने घातले. चहा फाटला नाही! मला असे झाले की जणू गड जिंकला. फडक्यातून गाळून कप भरले, आणि धाकट्या भावजींच्या हाती तबक दिले.

तुम्ही म्हणाल, रंग दिसला नाही? चिमणीच्या उजेडात पांढरे पीठसुद्धा पिवळे दिसते, आणि गुळाच्या चहाला रंग असतोच. वास आला नाही? घरात तीन दिवस दुसरा वासच नव्हता. बोटे पिवळी झाली ती दिसली नाहीत? ती आठवडाभर पिवळीच होती. अशी सगळीकडून माझी डोळेझाक झाली. सासूबाईंनी ज्याची भीती घातली त्यावर मी डोळ्यांत तेल घालून पहारा केला, आणि चोर दुसऱ्याच दाराने आत आला.

मी दाराआड उभी राहिले. ओसरीवर कंदील होता. थोरले मामंजी भिंतीला टेकून बसलेले, मामंजी समोर, मध्ये गुरुजी, आणि आमचे हे खांबाशी उभे. कुणी कुणाकडे पाहीना. गुरुजी एकटेच पावसापाण्याचे बोलत होते, तेही फाल्गुनात! भावजींनी तबक पुढे केले. थोरल्या मामंजींचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी कप उचलला, बशीत ओतला आणि एक घोट घेतला.

मी सुटकेचा श्वास सोडला. पण थोरल्या मामंजींचे डोळे एकदम बारीक झाले. त्यांनी घोट गिळला, मामंजींकडे एकटक पाहिले, आणि काही न बोलता दुसरा घोट घेतला. इकडे मामंजींनीही घोट घेतला. त्यांच्या कपाळाची शीर उडाली, पण तेही थोरल्या भावाकडे पाहत बशी रिकामी करीत राहिले. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. हे सगळे चालले होते ते इतक्या शांततेत की, फुरक्यांखेरीज आवाज नाही.

मला काही समजेना. आत येऊन भगुण्यात उरलेला घोटभर चहा मी तोंडात घेतला, आणि पायाखालची जमीन सरकली. कडू! मातकट! चूल ओढून तिच्या उजेडापाशी ते उरलेले अर्धे कांड धरले. आतून नारिंगी लाल. अद्रक कसले, ती ओली हळद होती! अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे ही म्हण मी शाळेत शिकले होते. ती अशी भगुण्यात उतरेल असे वाटले नव्हते.

आता काय करावे? लग्नाला वर्ष व्हायचे होते. सासऱ्यांपुढे कधी मान वर केली नव्हती, थोरल्या सासऱ्यांपुढे तर उभीही राहिले नव्हते. गप्प बसले तर थोरले मामंजी काय समजतील? नऊ वर्षांनी बोलावले आणि कडू पाजले! भावकीत यापेक्षा कमी गोष्टींवरून डोकी फुटली आहेत. आणि बोलले तर घरची अब्रू माझ्या हाताने ओसरीवर मांडल्यासारखे. सासूबाई मागच्या दाराने आत आल्या, माझ्या हातातले कांड पाहिले आणि खालीच बसल्या.

कुठून धीर आला कोण जाणे. पदर घट्ट घेतला आणि उंबऱ्यात उभी राहिले. म्हणाले, "मामंजी, माझं चुकलं. अद्रक म्हणून ओली हळद पडली चहात. घरातल्या कुणाला ठाऊक नव्हतं. मीच केला तो."

ओसरीवर पाल चुकचुकली असती तरी ऐकू आली असती. थोरल्या मामंजींनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिले, मग मामंजींकडे.

"हळद हाय व्हय ही?" ते म्हणाले. "मला वाटलं, तू मुद्दाम पाजायलास. पी हळद अन् हो गोरी! म्हातारपणी मला गोरा कराया निघालास म्हणून म्या बी म्हनलं, पिऊ, बघू कोण आधी थांबतंय!"

"अन् मला वाटलं," मामंजी म्हणाले, "की तू थांबत न्हाईस तर मी कसा थांबू!"

गुरुजींनी डोळे उघडले. "मला तर वाटलं खोकल्याचा काढा आहे," ते म्हणाले. "परवापासून खोकतो आहे ना मी. म्हटलं, किती काळजी करतात माणसं!"

आणि मग जे हसू फुटले, ते काय सांगू! आधी भावजी हसले, मग हे, मग गुरुजी खोकत खोकत. थोरले मामंजी हसले तेव्हा त्यांच्या दोन्ही खांद्यांना गदगदा हिसके बसत होते. आमचे मामंजी हसताना मी त्याआधी पाहिले नव्हते. त्यांचेही खांदे तसेच हलत होते. ते भाऊ आहेत हे मला तेव्हा खरे कळले.

हसू ओसरल्यावर थोरले मामंजी उठले. जाताना मला म्हणाले, "पोरी, चुकलं म्हणालीस ते बरं केलंस. ह्या ओसरीवर तो शब्द लई दिसांनी ऐकला." ते माझ्याकडे पाहून बोलले, पण मामंजींनी मान खाली घातली. सहीचा विषय निघालाच नाही. मी रात्री आत बसून रडले. मला वाटले, सगळे हसण्यावारी गेले.

पुढचे मला यांनी सांगितले. मामंजी थोरल्या भावाला पोचवायला म्हणून निघाले. भिंतीला भिंत असलेले घर, पोचवायचे ते काय! पण दोघे घराकडे वळलेच नाहीत, मळ्याच्या वाटेला लागले. हे कंदील घेऊन मागे. विहिरीपाशी गेल्यावर मामंजी थांबले आणि म्हणाले, "दादा, बहात्तर साली त्या रात्री पाणी मीच काढलं. बैलं तहानली व्हती. चार घागरी काढल्या."

थोरले मामंजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चार न्हाई. सहा."

"तुला काय ठाऊक?"

"मी बांधावरच बसलो व्हतो. मोजल्या."

"मग तव्हाच का बोलला न्हाईस?"

"बैलं तहानली व्हती हे मला दिसत व्हतं की. पाणी घेतलं त्याचा राग नव्हता रं. सकाळी तू आपणहून सांगशील म्हणून इचारलं. तू न्हाई सांगितलंस."

सहा घागरी पाणी, आणि नऊ वर्षे! यांनी हे सांगितले तेव्हा त्यांचाही आवाज बसला होता. भांडण पाण्याचे नव्हते. भांडण एका शब्दाचे होते, आणि तो शब्द माझ्यासारख्या नव्या पोरीच्या तोंडून, भलत्याच कारणाने, ओसरीवर पडला. मी काही फार शहाणपण केले असे नाही. मला दुसरा मार्गच उरला नव्हता. पण मला पुष्कळदा वाटते, मोठ्या माणसांना चूक कबूल करणे जड जाते, ते त्यांच्यापुढे आधी कुणी केलेले नसते म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक फजिती झाली. चहा गाळलेले फडके पिवळे झाले होते. सासूबाईंना दिसायच्या आत ते स्वच्छ करावे म्हणून मी धुण्याच्या सोड्यात बुडवले, आणि पाहते तो फडके लालभडक! मी किंचाळलेच. सासूबाई धावत आल्या, पाहिले, आणि काल रात्रीपासून दाबून ठेवलेले हसू त्यांना आवरेना. "अगं येडे, हळदीला चुना लागला की कुंकू होतंय. सोड्यानंबी तसंच. तुझ्या कपाळावरचं कुंकू कुठून आलं म्हणतीस?" मग त्यांनी ते साध्या पाण्यातून काढले आणि वळणीवर टाकले. "हळदीचा डाग घासून जात न्हाई. उन्हात टाकायचा. आपोआप उडून जातो." तसेच झाले. तिसऱ्या दिवशी फडके जवळजवळ पांढरे झाले होते.

त्या मला एका शब्दाने रागावल्या नाहीत, याचे मला नवल वाटत होते. त्याचा उलगडा महिन्याने झाला. ओल्या हळदीचे लोणचे घालायचे म्हणून त्यांनीच चार हळकुंडे अद्रकाच्या मडक्यात पुरून ठेवली होती, आणि सांगायला विसरल्या होत्या! "तू एकटीच चुकली नव्हतीस," त्या म्हणाल्या. पण हे त्यांनी मला एकटीला, आणि तेही हळू आवाजात सांगितले. मामंजींना त्यांनी ते सांगितल्याचे मी ऐकले नाही.

सही काही लगेच झाली नाही. पी हळद नि हो गोरी, असे कुठे होते का? थोरल्या मामंजींनी कागद मागवला, ठेवून घेतला, दोनदा वाचून घेतला. गुढीपाडव्याच्या दिवशी सही दिली. त्या उन्हाळ्यात विहीर खोल झाली. मधल्या काळात दोन-तीनदा बाचाबाचीही झाली, एकदा तर मोटरच्या बिलावरून चांगलीच. पण आता बाचाबाची व्हायची ती बोलून व्हायची. मुक्याने काही राहिले नाही.

या गोष्टीला चाळीस वर्षे उलटून गेली. मामंजी, थोरले मामंजी, सासूबाई, कुणीच आता नाही. हळद मात्र आमच्याकडे गावोगाव पसरली. हिंगोलीचा आणि वसमतचा हळदीचा बाजार दूरदूरचे व्यापारी ओळखतात, आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या संस्थेचे महासंचालक होते त्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, हे तर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, असे जुने दाखले देऊन सिद्ध केले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. पेपरात ती बातमी आली तेव्हा मामंजी होते. ते सगळ्यांना सांगत सुटले, "जखमंचं ऱ्हाऊ द्या. चहात हळद घालायचं पेटंट आमच्या सुनेचं हाय, ते कुणी घेऊ नका!" आता पुण्याला असलेली नात सांगते की, तिथे दुधात हळद घालून मोठ्या किमतीला विकतात आणि लोक रांगेत उभे राहून पितात. मी तिला म्हटले, तुझ्या पणजोबांनी ते फुकट प्यायले, आणि वर सही दिली.

जाता जाता दोन गोष्टी सांगते. गुळाचा चहा करताना आधी गूळ नि पत्ती पाण्यात उकळा, भगुणे खाली घ्या, आणि मग तापलेले दूध घाला. चहा फाटत नाही. आणि आले असो की ओली हळद, ठेचण्याआधी मोडून उजेडात पाहा. आले आतून फिकट, हळद नारिंगी. दोन्ही एकाच कुळातल्या चुलत बहिणी आहेत. बाहेरून पाहून ओळखता येतीलच असे नाही.

आणि त्या रात्रीची सकाळ सांगायची राहिलीच. फडके वळणीवर वाळत होते तेव्हा आमच्या मागच्या दाराशी थोरल्या सासूबाई उभ्या होत्या. नऊ वर्षांत त्या दाराशी त्या आल्या नव्हत्या. हातात वाटी, वर पळसाचे पान झाकलेले. त्यांनी ती माझ्या हातात दिली. पान उचलून पाहिले, तर काठोकाठ साखर, आणि साखरेवर स्वच्छ धुतलेले, सोललेले, बोटभर कांड.

"अद्रक हाय," त्या म्हणाल्या. "वळखून ठेव."